टेकावरची टिटवी

"पुरावा काय?" असं विचारताना आमचे सर चष्मा कपाळावर चढवायचे. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूससुद्धा धड दिसत नसे, म्हणजे कोणी पुरावा आणून दाखवला असता तरी त्यांना तो दिसला नसता. पण ही अडचण कधी आली नाही, कारण आमच्या गावात पुरावा कोणी आणतच नसे. कोणी म्हणालं, आज चहात साखर कमी पडली, तरी चष्मा वर. कोणी म्हणालं, हेडमास्तर रजेवर आहेत, तरी चष्मा वर. तुमच्याही माहितीत असा एखादा माणूस असेल. नसेल तर तुमचं नशीब चांगलं, पण काहीतरी राहूनही गेलंय.

मी त्या शाळेत मराठी शिकवत होते आणि ते विज्ञान. अहमदपूरहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी-शेजारी होत्या. हा योग होता की शिक्षा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सर मूळचे मुखेडकडचे. गळ्यात कायम एक जुनी दुर्बीण, तिची एक काच तडकलेली. वर्गात, बाजारात, लग्नाच्या पंगतीतही ती गळ्यातून उतरत नसे. पंगतीत वाकले की दुर्बीण वरणात बुडे आणि मग ते ती धोतराच्या सोग्यानं पुसत. धोतर शेजारच्याचं असे.

पाखरांचं हे वेड त्यांना कुठून लागलं, कोण जाणे. पण लागलं ते सगळ्या गावाच्या मानेवर बसलं. गावाला 'पाखरू' हा एक शब्द आजवर पुरत आला होता. सरांनी येऊन त्यातून चंडोल काढला, धाविक काढला, तित्तर, भारद्वाज, कोतवाल, सगळे वेगवेगळे काढले. शेतातल्या माणसाला थांबवून ते सांगत, ती चिमणी नाही, चंडोल आहे. एका म्हातारीनं खुरपं थांबवून शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आसंल बाबा. माझी जवारी दोघंबी खातेत." सर त्या उत्तरावर आठवडाभर नाराज होते.

पोरांच्या गलोली त्यांनी जप्त केल्या. नुसत्या जप्त केल्या असत्या तर पोरांनी नव्या केल्या असत्या. सरांनी काय केलं, ज्याची गलोल घेतली त्याला एकेक घरटं नेमून दिलं. तुझी सुगरण, तुझा होला. पिल्लं उडेपर्यंत घरट्याला हात लावायचा नाही, फांदी वाकवायची नाही, लांबून बघायचं आणि काय दिसलं ते वर्गात येऊन सांगायचं. पोरं घरट्यांवरून मारामाऱ्या करू लागली. माझ्या तासाला कवितेचा अर्थ विचारला की उत्तर यायचं, बाई, माझ्या होल्यानं अंडं घातलं. व्याकरणाची वाट लागली, पण गावातल्या होल्यांचं भलं झालं हे मला मान्य करावं लागेल.

एकदा ते माळावर पालथे पडून दुपारभर धाविकाची जोडी बघत होते. तिकडून बैलगाडी घेऊन येणाऱ्या दोघांना वाटलं, सरांना झटका आला. त्यांनी सरांना उचललं आणि गाडीत आडवं घातलं. दुसरा कोणी असता तर ओरडला असता. सर ओरडले नाहीत, कारण ओरडलं असतं तर पाखरं उडाली असती. ते दबक्या आवाजात "सोडा, सोडा" म्हणत राहिले आणि ते दोघं म्हणत राहिले, वाचा गेली बघ बिचाऱ्याची. दवाखान्याच्या दारात सर उठून बसले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो तुम्ही ओळखला असेलच. मला झटका आला याला पुरावा काय?

त्याच सुमारास दोन गोष्टी झाल्या. एक, लातूर जिल्हा झाला. दुसरी, पाऊस झाला नाही.

जिल्ह्याचा आनंद मोठा होता. शाळेच्या पाटीवर 'जिल्हा उस्मानाबाद' खोडून 'जिल्हा लातूर' लिहिलं गेलं, तेव्हा पेढे वाटले. पाटी तीच, शाळा तीच, गळणारं छप्परही तेच. पण आता ते नव्या जिल्ह्यात गळणार होतं. गळायला मात्र पाऊस नव्हता. विहिरी कोरड्या पडल्या, तलावाच्या तळाला भेगा गेल्या, टँकर आला की बायका घागरी घेऊन धावत. नव्या जिल्ह्याला नवे साहेब आले होते, नव्या जीपगाड्या आल्या होत्या आणि दाखवायला काहीतरी नवं काम हवं होतं.

अशा दिवसांत सरांनी पाखरांसाठी पाणी मागायला सुरुवात केली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी बायकांची गत. प्रत्येकीनं घागरीतलं ओंजळभर पाणी पसरट भांड्यात ठेवावं, भांडं मांजराला उडी मारता येणार नाही अशा मोकळ्या जागी ठेवावं, रोज घासावं, असं सर टँकरपाशी उभे राहून सांगत. एकीनं घागर डोक्यावर चढवता चढवता विचारलं, "सर, आमच्या लेकरांनी चोची लावल्या तर मिळंल का पाणी?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आंघोळ बंद केली. मी शेजारच्या खुर्चीत बसत होते, तेव्हा याला पुरावा लागत नव्हता. मी खिडकी उघडली, खुर्ची सरकवली, शेवटी स्पष्टच विचारलं. तर म्हणाले, त्यांच्या वाट्याचं आंघोळीचं पाणी ते सायकलवरून माळावर नेतात. गावाच्या वरच्या अंगाला गायरानाचा मोठा माळ आहे, त्याच्या मधोमध एक टेकाड. तिथे माळटिटवी बसते, चोचीपाशी पिवळी कातडी लोंबणारी. घरटं बांधत नाही, खड्यांतच अंडी घालते. ऊन इतकं की अंडी शिजतील. मग ती पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. पाणी लांब गेलं तर फेरीला वेळ लागतो आणि तेवढ्यात अंडी तापतात. म्हणून पाणी जवळ हवं. "तिला भिजायला लागतं, बाई," ते म्हणाले. "मला न्हाई लागत." लागत होतं, पण मी खुर्ची परत जवळ घेतली.

आता टिटवी म्हटली की गाव कान टवकारतं. आमच्याकडे टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधतात. तिनं खोलगटात, नदीच्या पात्रात अंडी घातली तर ते वर्ष कोरडं. उंचावर, टेकाडावर घातली तर पाऊस भरपूर, कारण पूर येणार हे तिला आधीच कळतं म्हणे. मारुतीच्या पारावर दर उन्हाळ्यात ही चर्चा होई आणि दर उन्हाळ्यात सर चष्मा वर करून तिथे पोचत. पाखराला एवढं पुढचं कळतं तर ते फासेपारध्याच्या जाळ्यात कसं अडकतं? ती खडे बघून जागा निवडते, पाऊस बघून नाही. पुरावा काय? पारावरचे पाटीलबाबा गावात सगळ्यांत वडीलधारे. ते पानाला चुना लावत म्हणायचे, पूर्वापार चालत आलंय. या शब्दावर सर भडकत. पाटीलबाबांसारख्या माणसाला त्यांनी चारचौघांत गप्प केलेलं मी पाहिलं आहे. सरांचं बरोबर होतं, आणि बरोबर असलेला माणूस किती असह्य होतो ते मी त्या पारावर शिकले.

त्या शब्दाचा एवढा राग का, हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपल्यात घातले आणि मन्याड नदीच्या पात्रात नेऊन सोडले. सर लहान होते, काठावर उभे होते. "विहिरीवर पाणी भरू देत नव्हते ते पूर्वापार. गावाबाहेर राहायचं ते पूर्वापार," ते म्हणाले. "त्या टोपल्यात देवासंगं हा शब्दबी होता, बाई. माझ्या बापानं दोन्ही सोडून दिलं." एरवी मी त्यांच्या प्रत्येक वाक्यावर काहीतरी खोचक बोलत असे. त्या दिवशी माझ्या डब्यातली भाकरी त्यांच्यापुढे सरकवली.

आणि मग तो माळ नव्या साहेबांच्या नजरेत भरला. दुष्काळ, उघडा माळ आणि रिकामे हात, तिन्ही एकाच जागी. रोजगार हमीतून तिथे खड्डे खोदायचे, झाडं लावायची, जिल्हा हिरवा करायचा. ऐकणाऱ्याला यात चूक काय दिसणार? गावाला काम हवं होतंच. विरोध केला तो गावातल्या एकमेव पक्षिमित्रानं. झाडं लावू नका, असं म्हणणारा पक्षिमित्र त्यापूर्वी कोणी पाहिला नव्हता. लोकांना वाटलं, आंघोळ सोडल्याचा हा परिणाम.

सर लातूरला गेले आणि साहेबांना भेटून आले. तिथे काय झालं ते त्यांनी संतापून सांगितलं आणि मी तोंडाला पदर लावून ऐकलं. साहेब म्हणाले, अहो सर, पाखरं झाडावर राहतात ना? मग तुमच्याच पाखरांसाठी लावतोय की. सरांनी समजावलं की माळावरची पाखरं झाडावर राहत नाहीत. त्यांना उघडं रान लागतं, लांबवर दिसावं लागतं, गवत आणि खडे लागतात. झाड उभं राहिलं की त्यावर ससाणा आणि कावळा येऊन बसतो आणि खालची अंडी संपतात. उघडा माळ म्हणजे वाया गेलेली जमीन नाही, तेच त्यांचं घर आहे. खोदायचंच तर कोरड्या तलावातला गाळ काढा, पाऊस आला तर पाणी तरी साठेल. साहेबांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, मग रोपं कोणती लावू, लिंबाची की निलगिरीची?

तो दिवस उजाडला. माळावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून झाल्या होत्या. मजूर बाया-माणसं कुदळी, टिकाव घेऊन आली. साहेबांची जीप आली, सरपंच आले, पाटीलबाबा आले. आमच्या शाळेला स्वागतगीताला बोलावलं होतं, म्हणून मी मुलींना घेऊन रांगेत उभी. पाण्याअभावी माना टाकलेली रोपं जीपच्या सावलीत ठेवली होती. आणि टेकाडावर, जिथून रेघ सरळ जात होती तिथे, सर एकटेच उभे होते. टिटवी त्यांच्या डोक्यावरून ओरडत फिरत होती. ती साहेबांवर नाही, सरांवरच ओरडत होती. तिच्या अंड्यांच्या सगळ्यांत जवळ तेच होते.

सरांनी बोलायला सुरुवात केली. उघडं रान, ससाणा, खडे, सगळं पुन्हा. साहेबांनी घड्याळ बघितलं. मजुरांपैकी एकानं टिकाव उचलला. सरांचं शास्त्र अगदी बिनचूक होतं आणि ते कोणीही ऐकत नव्हतं. टेकाडाचा चढ पाटीलबाबा काठी टेकत चढले, सरांच्या पायाशी वाकून बघितलं आणि सरळ होत म्हणाले, "टेकावर घातली व्हय?"

टिकाव खाली आला, पण जमिनीवर नाही. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. दोन वर्षं आभाळाकडे बघून थकलेली ती माणसं, त्यांना टेकावरच्या अंड्यांचा अर्थ सांगायची गरज नव्हती. पण गावात असं एक माणूस होतं ज्यानं हा अर्थ वर्षानुवर्षं खोडून काढला होता, आणि तेच तिथे उभं होतं. पाटीलबाबा त्यांच्याकडे वळले. त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत थोडी मजा होती आणि थोडी आशाही होती, असं मला वाटलं.

"सर, तुमी तर म्हन्ता ह्यात काई न्हाई. मंग हानू द्यावा का टिकाव?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. मग खाली घेतला. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, उत्तराला त्यांना कधी वेळ लागलेला पाहिला नव्हता. 'काही नाही' एवढंच खरं उत्तर होतं, आणि ते दिलं असतं तर पुढच्या क्षणी टिकाव पडला असता. टिटवी ओरडत होती.

"उंचावर घातली म्हंजे पाऊस येतो," ते म्हणाले. "अंडी हालली तर पाऊस हालतो. पिल्लं चालायला लागंपर्यंत हितं कुनी यायचं न्हाई."

साहेब हसले. म्हणाले, सर, तुम्ही तर विज्ञान शिकवता, याला पुरावा काय?

सरांनी कोणाकडेच पाहिलं नाही. "पूर्वापार चालत आलंय," ते म्हणाले.

मात्रा लागू पडली. एकाही बाईनं त्या माळावर कुदळ लावली नाही. साहेबांनी समजावलं, सरपंचांनी दटावलं, पण दुष्काळातल्या माणसाला पाऊस जाण्याची भीती घातली की पुढे बोलायला काही उरत नाही. शेवटी कामाचे दिवस भरायला हवेत म्हणून सगळे मजूर तलावावर पाठवले आणि गाळ काढायला लावला. म्हणजे सरांनी लातूरला जाऊन जे मागितलं होतं तेच. आमच्या मुली स्वागतगीत न गाताच परतल्या. नशीब, कारण ते वृक्षांवर होतं आणि मी रचलेलं होतं.

माळ उतरताना सर माझ्या बाजूनं चालत होते. मी म्हणाले, वाचली की हो अंडी. त्यांनी मान हलवली. माळ संपत आल्यावर म्हणाले, "माझा बाप आज असता तर मला घरात घेतलं नसतं त्यानं." मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, आणि त्यांच्यासारख्या कटकट्या माणसाबद्दल आपल्याला एवढं वाईट वाटावं याचा रागही आला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण त्या वर्षी पाऊस आला. साधा नाही, चांगला आला. गाळ काढलेला तलाव भरला. लोकांनी गाळाचं नाव घेतलं नाही, टिटवीचं घेतलं. शाळेत नारळ यायला लागले. सर नारळ परत करत आणि पुढच्या तासाला पोटतिडकीनं शिकवत, टिटवी खडे बघून जागा निवडते, पावसाशी तिचा संबंध नाही. मुलं माना डोलवत. एकानं हात वर केला आणि म्हणाला, सर, पण पाऊस आला की. सर म्हणाले, आला म्हणून काय झालं, पुरावा काय? आख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, पाऊस.

त्यानंतर त्यांनी तो प्रश्न विचारणं हळूहळू सोडलं. सोडावंच लागलं. टिटवीत काही नाही असं पारावर जाऊन सिद्ध केलं असतं तर माळावर टिकाव तयारच होते. मग दर उन्हाळ्यात पारावरचे लोक विचारायला येत, सर, कुठं घातली? आणि सर चष्मा न उचलता सांगत. सांगताना आणखी चार गोष्टी चिकटवत. लांबून बघायचं. अंड्यांवर आपली सावली पडू द्यायची नाही. कुत्रं आणायचं नाही. पिल्लं चालेपर्यंत त्या अंगाला गुरं सोडायची नाहीत. पसरट भांड्यात पाणी ठेवायचं. ज्या गोष्टी समजावताना त्यांचा घसा बसला होता त्या आता आज्ञा म्हणून बिनबोभाट पाळल्या जात. अंधश्रद्धेचं इतकं शास्त्रशुद्ध काम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. हे मी त्यांना एकदा म्हणाले. नेहमीसारखे चिडतील असं वाटलं होतं. ते नुसते हसले आणि दुर्बीण पुसत बसले. यावेळी स्वतःच्या रुमालानं.

पुढे त्यांची बदली किनवटकडे इस्लापूरला झाली. तिथे सगळीकडे जंगल, झाडं लावू नका म्हणायची सोयच नाही. निवृत्त होऊन मुखेडकडच्या गावी गेले आणि तिथेच वारले. आमच्या शाळेत शोकसभा झाली. आता साहेबही नवे होते, हेडमास्तरही नवे. एका वक्त्यानं सांगितलं, सरांनी आयुष्यभर झाडं लावली. दुसऱ्यानं त्यांना वृक्षमित्र म्हटलं. मग सगळ्यांनी अंगणात जाऊन त्यांच्या स्मरणार्थ एक निलगिरी लावली. मी पहिल्या रांगेत होते. मला हसू आवरेना, तोंडाला पदर लावला, आणि शेजारच्या बाईंना वाटलं मी रडते आहे. थोडं तेही खरं होतं.

गेल्या उन्हाळ्यात त्या गावी जाणं झालं. माळ अजून उघडाच आहे. रस्त्याच्या दुतर्फा सगळीकडे प्लॉट पडले, पाट्या लागल्या, पण गायरानाच्या त्या तुकड्याला कोणी हात लावलेला नाही. ऊन उतरल्यावर मी टेकाडाकडे निघाले. वर काहीतरी लालभडक दिसत होतं. जवळ गेले तर शेंदूर फासलेला एक दगड, त्याला हळदकुंकू, पुढे नारळाच्या शेंड्या. बाजूला मातीचं पसरट भांडं, पाण्यानं भरलेलं, घासून स्वच्छ केलेलं. एक बाई हात जोडून उभी होती. मी विचारलं, हा कोणता देव?

"टिटवाई," ती म्हणाली. "लई जागृत हाय."

चाळीस पावलांवर खड्यांत टिटवी बसली होती. पोट ओलं होतं. मला सरांचे वडील आठवले, ते टोपलं आठवलं, आणि सर इथे असते तर त्यांनी त्या दगडाला काय केलं असतं ते डोळ्यांसमोर आलं. आयुष्यभर देव नाकारलेल्या माणसानं मागे एक देवी ठेवली होती, तीही नवसाला पावणारी. टिटवी नीट दिसावी म्हणून मी दोन पावलं पुढे झाले.

"बाई, लांबून," तिनं माझा दंड धरला. "अंड्यावर सावली पडू द्यायची नसती. कुत्रंबी आनायचं न्हाई हितं."

मी तिला विचारलं, हे सगळं कोणी सांगितलं?

तिनं मला वेड्यात काढल्यासारखं बघितलं. "कोन सांगनार? पूर्वापार चालत आलंय."

मी मागे सरकले. माझी सावली अंड्यांपासून बरीच लांब होती, तरीही आणखी थोडी मागे सरकले.